डाव्या फुलाचा डिंक

मु. पिंपळखुटा, ता. एलिचपूर
१४ ऑक्टोबर १९२९

सहदेवा,

तुझं पत्र पोचलं. इकडे सारे जिते हायेत. सगळ्यायच्या तब्येती विचारण्यात अर्धा कागद घालवत जाऊ नको.

तू लिहितं का तिकडचा सेठ तुले नदीकाठची जमीन अन् घर कायमचं देतो म्हणते. राहायचं असन तर होळीच्या आत सांग म्हणते, नाही तर करार खतम, बोटीत बस अन् आपल्या गावी जा. अन् तुले ठरवता येऊन नाही राहिलं. म्हणून मी विहिरीवरच्या आसरामायच्या दगडाले फुलं चिकटवून कौल लावावा. मागं मायनं जा म्हटलं म्हणून तू आफ्रिकेत मोंबाशाले गेला, आता माय म्हणन ते करीन म्हणतं.

अरे, चाळिशीले आला तू. माणसानं कुठवर फुलाले विचारावं? घर तुझं, जीव तुझा, तूच ठरव.

अन् कौल आता लागतबी नाही. विहिरीतला गाळ काढून राहिलो. मायचा दगड उचलून बाजूले ठेवला हाये. दगड जाग्यावर नसला म्हणजे माय बोलत नाही, हे तुले ठाऊक हाये. गाळ कधी निघन ते सांगता येत नाही.

मळ्यात बरं हाये. मृगाचा बहार झाडाले टिकला. यंदा जंबेरीच्या खुंटावर संत्र्याच्या कलमाचे दोनशे डोळे बांधले. तुझ्या बायकोनं, जयवंतानं बांधले. मीबी चाळीस बांधले होते, ते सोड. लोकं अजून 'सहदेवचा मळा' म्हणतात. आठ वर्षं झाली, मोट मी हाकतो, नाव तुझं. म्हणू दे.

जयवंताले तिकडे पाठव म्हणून तू यंदाबी लिहिलं. ती नाही म्हणते. दरसाल नाही म्हणते. आता ते विचारणं बंद कर.

तुझी वहिनी माणिकबाई बरी हाये.

पुंजाराम


पिंपळखुटा
२ डिसेंबर १९२९

सहदेवा,

तू काही ऐकत नाही. दादा, तू घरातला मोठा, तुझ्याच हातानं कौल लाव, दुसरं मले काही सुचत नाही. हेच तीन पानं लिहिलं. तीन पानं कायले लागते?

घे. दगड बसवला. शुक्रवारी आंघोळ करून कौल लावला. उजवं फूल पडलं तर घरी ये, डावं पडलं तर तथीच राहा, असं मायले बोललो. दोन्ही फुलं झेंडूचे होते, दोन्ही सारखे, निरा पाण्यानं चिकटवले. पाण्यानंच. घटकाभरात डावं पडलं.

माय म्हणते तथीच राहा. जयवंताले सांगतलं. 

आता लगेच सेठाले होकार सांगून टाक. अशी जमीन कोणी घेऊन बसून नाही राहात. अन् या गोठीवर परत पत्र लिहू नको.

पुंजाराम


पिंपळखुटा
८ डिसेंबर १९२९

सहदेवा,

मागचं पत्र फाड. सेठाले काही सांगू नको. सांगतलं असन तर मागं घे.

मी कौल लावला नाही. विहिरीचा गाळबी काढला नाही यंदा. मायचा दगड जाग्यावरच होता, तुले मी खोटं लिहिलं. दोन्ही पत्रात.

झालं असं. तुले पत्र टाकलं अन् जयवंताले सांगतलं का मायनं राहा म्हटलं. ती दाराआड होती, नेहमीसारखी. भासऱ्यासमोर बोलायचं नाही म्हणून आठ वर्षांत ती माझ्याशी एक शब्द समोर बोलली नव्हती. काही लागलं तर माणिकबाईले सांगे अन् माणिकबाई मले. तिसऱ्या दिवशी मी विहिरीवर मोटेचा तुटलेला दोर, सोल, बांधून राहिलो होतो तं ती एकटी आली. डोक्यावर पदर होता, पण उभी समोरच राहिली. मले म्हणे, "दादाजी, उरलेलं फूल द्या."

आपली रीत तर तुले मालूम हाये. जे फूल पडते ते जाणाऱ्यानं शेल्यात बांधायचं, जे दगडाले राहते ते त्याच्या बायकोनं सांभाळायचं, तो घरी येईपर्यंत. मी ते निरा इसरलो होतो. लावलंच नाही तर फूल कुठून देऊ? मी म्हटलं, कावळ्यानं नेलं.

ती हसली. हसली म्हणजे तोंडानं नाही. मंग तिनं कमरेचं कुंकवाचं लाकडी डबडं काढलं, तुमच्या लग्नातलं, अन् उघडून माझ्यासमोर धरलं. आत तुझ्या कौलाचं डावं फूल होतं. सुकून काळं झालं होतं. बुडाले लालसर डिंक, काचेसारखा.

म्हणे, "त्यायनं जायचं म्हणून डिंक तरी लावला होता. तुमी तेवढीबी मेहनत केली नाही."

मले आधी समजलंच नाही. मंग समजलं. आठ वर्षं तिले वाटून राहिलं होतं का तो डिंक तू लावला. तुले जायचं होतं, तिच्यापासून सुटायचं होतं, तोंडानं म्हणता येत नव्हतं म्हणून तू मायले मधात घातलं. तू गेल्यावर दुसऱ्याच दिवशी तिनं फूल उलटं करून पायलं होतं. कोणाले बोलली नाही. आपल्या मायबापाले नाही, माणिकबाईले नाही. तू पत्रात चांगलंचुंगलं लिही, ते मी वाचून दाखवी, अन् ती दाराआड बसून काय ऐकत असन ते आता मले समजते.

मी म्हटलं, "जयवंता, त्यानं नाही लावला. मी लावला."

तुलेबी आता तेच सांगतो, सहदेवा. मी लावला.

तू आठव. अकोल्याचा कच्छी सेठ बैलाच्या दमणीत बसून मळ्यात आला होता. त्याच्या मोंबाशाच्या भावाले आपल्या संत्र्याची बाग लावायची होती, त्यासाठी माणूस पाहिजे होता. मी त्याले सारा मळा दाखवला. माझ्या हातच्या झाडायच्या दोन ओळी, दोन तासं दाखवले, तुझ्या हातचे दाखवले. त्यानं तुझ्या झाडाचं एक फळ सोललं, खाल्लं, अन् माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहून म्हणे का हा हात कोणाचा हाये त्याले बोलवा. मी सारं बोलून राहिलो होतो अन् तो माझ्या पलीकडे पाहे.

पहिल्या दिवशी तू नाही म्हणाला. जयवंता रडली तं मंग पक्कं नाही म्हणाला. मंग तुले वाटलं पाच वर्षांचंच हाये, जाऊन येऊ. मंग परत नाही. चार दिवस तू घरात इकडून तिकडे फिरला, जेवला नाही नीट. पाचव्या दिवशी म्हणाला, दादा, आपण मायले विचारू. उजवं पडलं तर जातो, डावं पडलं तर राहतो.

विहिरीजवळच्या बाभळीले ओला डिंक होता. मी तो बोटावर घेतला अन् डाव्या फुलाच्या बुडाले लावला. त्याले किती वेळ लागते? तू हातपाय धुऊन येईपर्यंत झालं. तू हात जोडून डोळे मिटले अन् उघडले तवा उजवं पडलं होतं.

तू रडला. रडता रडता म्हणाला, बरं झालं दादा, आता मनात काही राहिलं नाही. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. बोटाले डिंक होताच, तुझ्या सदऱ्याले चिकटला. तुले कळलं नाही. मले कळलं.

मळ्यासाठी केलं असं समजू नको. तुझा वाटा होता तसाच हाये, कोणाले विचार. मी कायले केलं ते सांगतो, सांगायसारखं नाही तरी सांगतो. लोकं मळ्यात येत, मी समोर उभा असो अन् ते मले विचारत, सहदेव कुठं हाये? दिवसातून चार डाव. लहानपणापासून. बस, एवढंच. याच्याहून मोठं काही असतं तर मले लिहायले सोपं गेलं असतं.

जयवंतानं सारं ऐकलं. डबडं बंद केलं. म्हणे, "आठ वर्षं मी त्या माणसाले मनात शिव्या दिल्या." मंग म्हणे, "मले वाटे म्हणूनच मले एकदाबी बोलावलं नाही त्यायनं."

हे वाचून तू चमकशीन. थांब. त्याचं मी सांगीन. आज एवढंच निघते.

त्या दिवसापासून ती आपल्या चुलीवरचं खात नाही. अंगणात तीन इटा मांडून वेगळं रांधते. मळ्यातलं काम सोडलं नाही, सकाळी माझ्या आधी बांधावर असते. माणिकबाईनं विचारलं काय झालं, तं मी तिलेबी सांगतलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं अन् म्हणे, "मले वाटे तुमी फक्त तोंडाचे वाईट हा." छत्तीस वर्षं संसार करून बाईनं एवढं म्हणावं, म्हणजे ती थोडक्यात सोडून राहिली.

मी जयवंताले म्हटलं, आता खरा कौल लावतो, तुझ्यासमोर लावतो, पाण्यानं. ती म्हणे, मायले आता तरी सुखानं बसू द्या.

काल ती परत समोर आली. म्हणे, दादाजी, मले मोंबाशाले जायचं हाये, अकोल्याच्या सेठाकडे घेऊन चला. माणिकबाई म्हणे, अवं, तिकडून बोलावणं नाही अन् तू कशी जातं? तं म्हणे, न बोलावो. मी आठ वर्षं चुकीचं समजली, ते समोर उभं राहून सांगतो. मंग त्यायले राहायचं तर राहू, यायचं तर येऊ.

सोमवारी तिले घेऊन अकोल्याले जातो. तू तोवर सेठाले होबी म्हणू नको अन् नाहीबी म्हणू नको.

पुंजाराम


अकोला, स्टेशनाजवळची धर्मशाळा
९ जानेवारी १९३०

सहदेवा,

हे पत्र टपालानं नाही येत. जयवंता घेऊन येऊन राहिली. तुझं उत्तर यायच्या आतच जाणं जमलं. इथल्या सेठाची सून मोंबाशाले नवऱ्याकडे जाऊन राहिली, सोबत तिची आत्या हाये. त्यायच्या संगं ही. उद्या सकाळच्या गाडीनं मुंबई, तिथून बोट.

जयवंता अंगणात बसली हाये, धुतलेलं लुगडं वाळवून राहिली. मी ओसरीवर लिहून राहिलो. तिले वाचता येत नाही म्हणून समोर बसून लिहितो. नाही तर एवढी हिंमत नव्हती.

मागच्या पत्रात एक गोठ ठेवली होती. ती आता सांगतो.

तू तिले बोलावलं होतं. पाच वर्षांचा करार संपला तवा बोलावलं, त्याच्या पुढच्या साली बोलावलं, मंग परत, अन् यंदा. चार डाव. चारही डाव मी ते वाचून दाखवलं नाही. ती दाराआड बसे, मी ओसरीत बसून वाचो. ती ओळ आली का मी खाकरो अन् खालची ओळ वाचो. बस, तेवढंच. अन् तुले लिहो का ती नाही म्हणते. पहिल्या खेपी वाटलं, तुझ्या हातची डोळे बांधायची रीत फक्त तिलेच येते, ती गेली तर मळा बसन. दुसऱ्या खेपी वाटलं, एकदा गाळलं, आता सांगतलं तर विचारन मागं काहून गाळलं. मंग सवय पडली.

विहिरीवर मी तिले डिंकाचं सांगतलं अन् हे नाही सांगतलं. तिथंच ती म्हणाली होती ना, एकदाबी बोलावलं नाही म्हणून. समोर होती. तोंड उघडलं असतं तर झालं असतं. मी सोल बांधत बसलो.

अकोल्याले पहिल्या डाव आलो तवा सेठाच्या मुनिमानं विचारलं, नवऱ्याचं बोलावण्याचं पत्र पाहिजे, त्याच्याबिगर सरकार बाईले पासपोर्ट देत नाही. जयवंताचं तोंड उतरलं. म्हणे, आता कसं? मी म्हटलं, तू बाहेर बस, मी पाहतो. माझ्या बंडीच्या खिशात चारही पत्रं होते. घरातून निघतानाच घेतले होते, म्हणजे मनात कुठं तरी होतंच. मी मुनिमाले पहिलं दिलं. त्यानं वाचलं, तारीख पायली, माझ्याकडे पायलं, अन् कागदाले टाचून टाकलं. मी बाहेर येऊन जयवंताले म्हटलं, झालं काम, सेठाची ओळख हाये. ती माझ्या पाया पडली. मले वाटलं आता सांगावं. मी म्हटलं, चाल, गाडी निघून जाईन.

काल तेल्हाऱ्याहून जानराव आला बहिणीले भेटायले. भाकरी, ठेचा, जवसाची चटणी असं सारं बांधून आणलं, पण येऊन मुद्द्यावर बसला. तुझा साळा कसा बोलते ते तुले ठाऊक हाये. म्हणे, नवऱ्यानं बोलावलं तर बाईनं समुद्राच्या पलीकडे जावं, आम्ही नाही म्हणत नाही. न बोलावता कोणी जाते काय? तिथं त्यायनं दुसरं घर केलं असन तर ही कुठं उभी राहीन? पोळ्यात बैल परत येते तशी परत येईन काय? जयवंता खाली पाहून बसली होती. मंग जानराव माझ्याकडे वळला. म्हणे, "दादा, तुमी घरातले मोठे. तुमच्या घरचे पत्रं तुमीच वाचता. खरं सांगा, पाव्हण्यायनं कधी बोलावलं हिले?"

तीन पत्रं खिशात होते, सहदेवा. छातीले लागत होते. एक काढून त्याच्यासमोर टाकलं असतं तर त्याचं तोंड बंद झालं असतं अन् तिची मान वर झाली असती. धर्मशाळेचा रखवालदार ऐकून राहिला होता, सेठाचा गडी ऐकून राहिला होता, दोन अनोळखी बाया ऐकून राहिल्या होत्या.

मी म्हटलं, "नाही."

मले वाटलं होतं वयानं माणूस थोडा तरी सुधारते.

जानरावानं कपाळाले हात लावला. म्हणे, पाय बाई, तुझा भासराच सांगून राहिला. जयवंतानं मान वर केली. तिनं माझ्याकडे पायलं नाही, भावाकडे पायलं. म्हणे, "न बोलावता जातो. हाकललं तर हाकलू दे. एक डाव पाहून तर घेतो."  मंग जानरावानं गठुडं सोडलं अन् तिले म्हणे, जेव.

रात्रभर मी जागा होतो असं वगैरे लिहित नाही, झोपलो. पण सकाळी उठलो तवा पहिले तेच आठवलं.

ती भिऊन हाये, तुले सांगून ठेवतो. दाखवत नाही. सेठाच्या सुनेले आज चार डाव विचारलं का बोटीतून उतरल्यावर घ्यायले कोणी येते का. सुनेनं सांगतलं, सगळ्यायले घ्यायले आपापले माणसं येतात.  मी टपालानं टाकलेलं पत्र तुले पोचलं असन. त्यात ती येणार हे लिहिलं होतं. नसन पोचलं तरी सेठानं तार केली हाये. तारेत मी टाकायले लावलं का धक्क्यावर उभा राहा. आधीपासून उभा राहा, मागाहून धावत येऊ नको.

राहायचं का यायचं ते तुमी दोघं ठरवा. मले विचारू नका. मायलेबी विचारू नका. आले तर तुझा वाटा तसाच हाये. नाही आले तर तुमच्याशिवाय मळा कसा चालन याची फिकीर करू नको. निघायच्या आधी जयवंतानं माणिकबाईले डोळा बांधायले शिकवलं. आठ दिवस शिकवलं, साल कशी उचलायची, केळीच्या खोडाचं सोपट कसं गुंडाळायचं. मले नाही शिकवलं. मी बांधावर बसून दुरून पाहात होतो, तं माणिकबाई म्हणे, तुमी बैलं पाहा.

आता कामाचं. हे पत्र तिच्या गठुड्यात ठेवतो. याच्यात तुझे तीन पत्रं घडी करून ठेवले, चौथं सरकारच्या कागदाले टाचलेलं हाये. तिले सांगीन, सहदेवले दे, घरचा हिशेब हाये. हेबी खोटंच. शेवटचं समज, का नको समजू, तुझी मर्जी.

तिले समोर बसव, दाराआड नाही. आधी तुझे तीन पत्रं वाच, तारखा सांगून वाच. मंग हे वाच. 'नाही' म्हटलं तेबी वाच. जागोजाग मी तिचं जे लिहिलं ते तसंच हाये का विचार, फरक असला तर ती सांगीन.

मंग ती बोलन. लय बोलन, आठ वर्षांचं हाये. ते माझ्या नावानं जे जे बोलन, शिव्या असतीन त्या शिव्या, सारं एका कागदावर उतरवून मले पाठव. एक ओळ गाळू नको.

पुंजाराम